नगरच्या किल्ल्यातला अभिधर्म : आचार्य नरेंद्र देव आणि शील पाळण्याची गोष्ट

नगरचा भुईकोट किल्ला म्हटला की दोन नावे हमखास निघतात, चांदबिबी आणि पंडित नेहरू. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या कार्यकारिणीची धरपकड झाली आणि तिच्या सदस्यांना रेल्वेने नगरला आणून या किल्ल्यात डांबण्यात आले. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत इथेच आपला प्रसिद्ध भारत-शोधाचा ग्रंथ लिहिला. मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे इथेच लिहिली. शाळेच्या सहलीत मुलांना हे सांगितले जाते.

त्याच किल्ल्यात त्याच काळात आणखी एक मोठे काम चालू होते. दम्याने बेजार झालेला एक कैदी वसुबंधूच्या 'अभिधर्मकोश' या बौद्ध ग्रंथाचा हिंदी अनुवाद करीत होता. त्याचे नाव आचार्य नरेंद्र देव. आपल्या जिल्ह्याला आज अहिल्यानगर म्हणतात, पण या जिल्ह्यातल्या बहुतेक विहारांमध्ये हे नाव कुणाला ठाऊक नाही. बौद्ध तत्त्वज्ञानाचे इतके महत्त्वाचे काम आपल्या मातीत झाले आणि आपण त्याची साधी नोंदही ठेवली नाही, म्हणून हा लेख.

लेखामागे दुसरेही कारण आहे. वर्षावासात गावोगावी ग्रंथवाचन होते आणि रोज पंचशील घेतले जाते. तिथे बसलेली तरुण मुले एक प्रश्न विचारतात. सोनई आणि खर्डा ज्या जिल्ह्यात घडले, त्या जिल्ह्यात आम्ही शील पाळून काय होणार? अन्याय व्यवस्था करते, मग सुधारायचे आम्हीच का? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. नरेंद्र देव यांचे आयुष्य त्या प्रश्नाकडे बघायला मदत करते, असे मला वाटते.

वकिलीतून विद्यापीठात

नरेंद्र देव यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८८९ रोजी उत्तर प्रदेशातील सीतापूर इथे एका सुखवस्तू खत्री कुटुंबात झाला. पाळण्यातले नाव अविनाशीलाल होते, नरेंद्र देव हे नाव पुढे पडले. वडील बलदेवप्रसाद वकील होते. कुटुंब नंतर फैजाबादला स्थायिक झाले. घरात पूजाअर्चा, पोथ्या आणि साधुसंतांचा राबता होता, त्यामुळे लहानपणीच त्यांना संस्कृत आणि धर्मग्रंथांची गोडी लागली.

अलाहाबादला पदवी घेऊन ते काशीच्या क्वीन्स कॉलेजात गेले. तिथे प्राध्यापक नॉर्मन आणि डॉ. वेनिस यांच्याकडे त्यांनी शिलालेखशास्त्र, पाली आणि प्राकृतचा अभ्यास केला. बुद्धाशी त्यांची खरी ओळख इथे झाली. १९१३ साली ते एम.ए. झाले. पुढे कायद्याची पदवी घेऊन १९१५ पासून त्यांनी फैजाबादला वकिली सुरू केली. वकिली चालत होती, पण मन होमरूल चळवळीत आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांत गुंतलेले होते. असहकाराची हाक आली तेव्हा त्यांनी वकिली सोडली, आणि ती कायमची.

१९२१ साली काशी विद्यापीठ स्थापन झाले. सरकारी शाळा-कॉलेजे सोडून आलेल्या तरुणांसाठी ते होते. नरेंद्र देव तिथे शिकवायला गेले आणि १९२६ पासून प्रमुख झाले. 'आचार्य' ही उपाधी त्यांना इथेच चिकटली. लालबहादूर शास्त्री याच विद्यापीठाचे विद्यार्थी. पाली पंडित धर्मानंद कोसंबीही काही काळ इथे राहून गेले.

राजकारणात ते समाजवादी होते. मे १९३४ मध्ये पाटण्याला काँग्रेसमधल्या समाजवाद्यांची पहिली परिषद झाली, तिचे अध्यक्ष तेच होते. किसान सभेच्या कामातही ते पुढे होते. मार्क्सचा वर्गसंघर्षाचा विचार त्यांना पटला होता. शोषण हे माणसांच्या वाईट मनामुळेच चालते असे ते मानत नव्हते. जमीन कुणाची, कारखाना कुणाचा, हे प्रश्न त्यांना मूलभूत वाटत. पण व्यवस्था बदलणाऱ्या माणसाचे स्वतःचे आचरण कसेही असले तरी चालेल, हे मात्र त्यांनी कधी मान्य केले नाही.

किल्ल्यातली वर्षे

दमा त्यांना आयुष्यभर पुरला. १९४२ च्या सुरुवातीला प्रकृती फार बिघडल्याने गांधीजींनी त्यांना उपचारासाठी सेवाग्रामला ठेवून घेतले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते नगरच्या किल्ल्यात आले.

किल्ल्यात बारा नेते होते. नेहरू, आझाद, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, आपले शंकरराव देव आणि इतर. बाहेर देश पेटला होता आणि आत सुरुवातीला वर्तमानपत्रेही मिळत नव्हती. अशा वेळी माणूस चिडतो किंवा खचतो. या मंडळींनी बाग लावली, वाचले, एकमेकांना शिकवले. नेहरूंनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ज्या सोबत्यांच्या मदतीचा नावानिशी उल्लेख केला, त्यांत नरेंद्र देव आहेत.

नरेंद्र देव यांनी हातात घेतलेला ग्रंथ सोपा नव्हता. वसुबंधू हा सुमारे चौथ्या-पाचव्या शतकातला आचार्य. त्याने मन, इंद्रिये, कर्म, क्लेश, मार्ग, ज्ञान आणि समाधी या सगळ्यांची शिस्तशीर मांडणी अभिधर्मकोशात केली. ग्रंथाचे मूळ संस्कृत भारतातून नाहीसे झाले होते. तो तिबेटी आणि चिनी अनुवादांत टिकला. त्यांच्या आधारे बेल्जियमचे पंडित पुसाँ यांनी टीपांसह फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध केला होता. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटातून शोधून आणलेल्या हस्तलिखितावरून मूळ कारिका पुण्याच्या प्रा. वा. वि. गोखले यांनी १९४६ साली प्रसिद्ध केल्या. म्हणजे नरेंद्र देव किल्ल्यात बसून काम करीत होते तेव्हा मूळ संस्कृत पाठ छापून यायचा होता. त्यांनी फ्रेंचवरून हिंदीत अनुवाद केला. भारतातून गेलेला ग्रंथ चीन, तिबेट आणि युरोप असा फिरून नगरच्या किल्ल्यात परत भारतीय भाषेत आला.

मार्च १९४५ मध्ये त्यांना नेहरूंबरोबर इथून उत्तरेकडच्या तुरुंगात हलवले आणि जूनमध्ये अल्मोड्याहून सुटका झाली.

कोश शीलाबद्दल काय सांगतो

अभिधर्म म्हणजे कोरडी वर्गवारी, असा अनेकांचा समज असतो. पण या ग्रंथातल्या तीन गोष्टी आपल्या रोजच्या जगण्याच्या आहेत.

पहिली गोष्ट कर्माची. कोशाचा चौथा भाग कर्मावर आहे. कर्म म्हणजे मागच्या जन्मीचे पाप, म्हणून या जन्मी हलकी जात, हे जे आपल्या आजोबा-पणजोबांच्या माथी मारले गेले, त्याच्याशी या विवेचनाच्या गाभ्याचा संबंध नाही. इथे कर्माचे मूळ चेतना आहे, म्हणजे मनातला हेतू आणि त्या हेतूतून घडलेली कृती व वाणी. पुनर्जन्माची चर्चा ग्रंथात आहे आणि बाबासाहेबांनी त्या कल्पनेची वेगळी, बुद्धिनिष्ठ मांडणी केली, हेही खरे. पण हेतू तपासण्याचा भाग दोन्हीकडे समान आहे.

दुसरी गोष्ट, शील घेणे आणि शील पाळणे यांतला फरक. उपासक पाचही शीले घेतो, पण कुणी एक पाळतो, कुणी दोन, कुणी बहुतेक, कुणी सगळी. या प्रकारांची चर्चा वसुबंधूने केली आहे. शील कशासाठी पाळले जाते याचेही प्रकार आहेत. कुणी भीतीने पाळतो, कुणी फळाच्या आशेने, कुणी बोधीच्या वाटेला पूरक म्हणून, तर कुणाचे शील पूर्ण शुद्ध असते. सोळाशे वर्षांपूर्वीची ही विभागणी आपल्या कुठल्याही वस्तीला लावून बघा. पोलिसांच्या भीतीने दारू बंद, निवडणूक जवळ आली म्हणून नम्रता, लोक बघतात म्हणून पांढरे कपडे. प्रत्येकाला आपापली पायरी ओळखता येईल.

तिसरी गोष्ट ह्री आणि अपत्राप्य यांची. पालीत यांनाच हिरी आणि ओत्तप्प म्हणतात. त्यांची एक व्याख्या अशी दिली जाते की स्वतःच्या नजरेत उतरण्याची लाज म्हणजे ह्री आणि दुसऱ्याच्या नजरेत उतरण्याची लाज म्हणजे अपत्राप्य. चार लोक काय म्हणतील एवढ्यावरच थांबलेला माणूस चार लोक नसताना काय करेल, याचा भरवसा नाही.

१९४८ : आमदारकीचा राजीनामा

ग्रंथ वाचणारे पुष्कळ असतात. नरेंद्र देव यांची परीक्षा किल्ल्यातून सुटल्यानंतर तीन वर्षांनी झाली.

स्वातंत्र्य मिळाले. १९४७ च्या अखेरीस काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना द्यावे असे गांधीजींनी सुचवले होते, पण पक्षातल्या इतरांना ते मान्य झाले नाही. मार्च १९४८ मध्ये आपल्या शेजारच्या नाशिकला समाजवादी पक्षाचे अधिवेशन भरले आणि काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय झाला. नरेंद्र देव तेव्हा उत्तर प्रदेशच्या विधानसभेत होते. १९४६ ची निवडणूक त्यांनी काँग्रेसच्या तिकिटावर जिंकली होती.

त्या वेळी पक्षांतरबंदीचा कायदा नव्हता. तो १९८५ साली आला. पक्ष सोडून जागेवर बसून राहायला कायद्याने कुणीही अडवले नसते. तरी नरेंद्र देव आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी विधानसभेचे राजीनामे दिले. मते काँग्रेसच्या नावावर मिळाली, पक्ष सोडला, म्हणून जागाही सोडायची, असा साधा हिशोब होता. सभागृहाचा निरोप घेताना त्यांनी जुन्या सहकाऱ्यांबद्दल आपल्या मनात कटुता राहू नये, अशी इच्छा व्यक्त केली.

फैजाबादच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध बाबा राघवदास यांना उभे केले. हे मूळचे पुण्याचे आणि उत्तर प्रदेशात संत म्हणून मान्यता पावलेले गृहस्थ. प्रचारात नरेंद्र देव यांच्या समाजवादापेक्षा त्यांच्या नास्तिकपणाची चर्चा जास्त झाली. अयोध्येच्या भूमीत रामाला न मानणारा माणूस निवडून देणार का, असे मतदारांना विचारले गेले. प्रचाराची धुरा मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत यांच्याकडे होती, म्हणजे नगरच्या किल्ल्यात त्यांच्यासोबत कैद भोगलेले तेच पंत. आपण देवभक्त आहोत असे खोटे सांगून नरेंद्र देव यांना बाजू सावरता आली असती. ते त्यांनी केले नाही. निवडणूक ते हरले.

या घटनेत पंचशीलातले किमान दोन नियम प्रत्यक्ष दिसतात. जे आपले नाही ते न घेणे आणि खोटे न बोलणे. कुणी दुसऱ्याचे पैसे उचलले की आपण त्याला चोर म्हणतो. दुसऱ्याच्या नावावर मिळालेली मते घेऊन पलीकडे जाऊन बसणे ही अदत्तादान आहे, असे आपल्याला वाटत नाही. नरेंद्र देव यांना तसे वाटले. कुणी बोट दाखवण्याआधीच त्यांनी जागा सोडली. स्वतःच्या नजरेत उतरण्याची लाज म्हणतात ती हीच.

शेवटची वर्षे

पराभवानंतर ते कडवट झाले नाहीत. १९४७ पासून ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते, १९५१ पासून काही वर्षे काशी हिंदू विद्यापीठाचे. विरोधी पक्षाचा माणूस असूनही सरकारने त्यांना काशी हिंदू विद्यापीठाचे पद दिले, हे त्यांच्यावरच्या विश्वासाचे द्योतक आहे. गरीब विद्यार्थ्यांना ते स्वतःच्या पगारातून मदत करीत, अशी आठवण सांगितली जाते. १९५२ नंतर ते राज्यसभेतही होते. प्रजा समाजवादी पक्षाचे नेतृत्व त्यांनी पक्षात भांडणे आणि फूट पडत असताना केले, तेही अंथरुणाला खिळलेले असताना.

या सगळ्या धामधुमीत 'बौद्ध-धर्म-दर्शन' हा त्यांचा मोठा हिंदी ग्रंथ तयार होत होता. थेरवाद, समाधी, महायान, कर्म, प्रतीत्यसमुत्पाद, निर्वाण, नागार्जुन, असंग, वसुबंधू असा त्याचा पट आहे. ग्रंथ हातात पडण्याआधीच, १९ फेब्रुवारी १९५६ रोजी दक्षिणेत इरोड इथे, हवापालटासाठी गेले असताना त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९५७ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अभिधर्मकोशाचा अनुवादही मृत्यूनंतरच छापला गेला.

हे वर्ष आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथही १९५७ साली, त्यांच्या पश्चात आला.

मर्यादाही बघू

नरेंद्र देव यांचे गुणगान करून थांबणे योग्य होणार नाही. त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली नाही. ते बौद्ध विचाराचे अभ्यासक आणि चाहते राहिले. जातीचा प्रश्न त्यांच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी नव्हता, वर्ग होता. ज्या प्रश्नाने बाबासाहेबांना बुद्धाकडे नेले तो अस्पृश्यतेचा जळजळीत अनुभव त्यांच्या वाट्याला आला नव्हता. त्यामुळे त्यांच्यासाठी बुद्ध हा ज्ञानाचा विषय होता आणि आपल्यासाठी तो माणूसपणाचा प्रश्न आहे. हा फरक मोठा आहे.

आणखी एक सावधगिरी हवी. नीतीचा उपदेश दलितांना नेहमीच वरून केला गेला. दारू सोडा, स्वच्छ राहा, मग समानता मिळेल, असे सांगणाऱ्यांनी स्वतःच्या घरातला भेदभाव तसाच ठेवला. समानता हा हक्क आहे, चांगल्या वागणुकीचे बक्षीस नाही. सोनई किंवा खर्ड्याच्या बळींनी शीलात कमी पडल्यामुळे जीव गमावला नाही. जातीने त्यांचा जीव घेतला. व्यक्तिगत सद्गुणांची चर्चा अत्याचाराच्या जबाबदारीवर पांघरूण घालण्यासाठी होत असेल तर ती नाकारलीच पाहिजे.

मग शील कशासाठी?

बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता, करुणा, चोरी न करणे, खोटे न बोलणे, व्यभिचार न करणे, दारू न पिणे यांचा समावेश केला. व्यवस्थेविरुद्ध देशातला सर्वांत मोठा लढा देणाऱ्या माणसाने अखेरच्या वर्षी आपल्या लाखो अनुयायांकडून वैयक्तिक आचरणाची हमी घेतली, यामागे विचार होता. त्यांच्या मते धम्म म्हणजेच नीती. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे आली की गरज निर्माण होते.

समाजशास्त्र शिकताना व्यक्ती आणि व्यवस्था असे दोन वेगळे रकाने आपण पाडतो. पंचशील त्या रकान्यांत बसत नाही. पाचही शीले दुसऱ्या माणसाशी आहेत. त्याचा जीव, त्याची कमाई, त्याचे शरीर, त्याचा आपल्यावरचा विश्वास, आणि हे सगळे जपायला लागणारी आपली शुद्ध. शील म्हणजे एकट्याने पवित्र होण्याचा कार्यक्रम नव्हे.

आपल्या जिल्ह्यात हे रोज समोर येते. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम आपल्याच समाजाचा असतो आणि उचलीच्या हिशोबात बाईच्या श्रमाचा पैसा वेगळा धरत नाही. व्यवस्था कारखान्याची आहे, पण तो हिशोब करणारा हात आपला आहे. विहाराच्या समितीत वर्गणीचा जमाखर्च वर्षानुवर्षे मांडला जात नाही. ग्रामपंचायतीला उभा राहिलेला आपला तरुण निकालानंतर आठ दिवसांत पलीकडच्या गटात दिसतो. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत फुटला. त्याला बाहेरच्यांची कारस्थाने जबाबदार होतीच. पण जी कारस्थाने यशस्वी होतात, त्यांना आतून कुणीतरी दार उघडलेले असते.

म्हणून शील आधी की संघर्ष आधी, हा वाद मला फसवा वाटतो. शील नसलेली संघटना विकत घेता येते. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ साली मंत्रिपद सोडले. १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्यात ते हरले, पण त्यांनी भूमिका बदलली नाही. नरेंद्र देव १९४८ ला हरले. दोघांच्याही पराभवाने त्यांच्या बोलण्याचे वजन कमी झाले नाही, उलट त्यांना मत न देणाऱ्यांनीही पुढे त्यांचे ऐकले. हे वजन पदाने मिळत नाही, आणि एका दिवसात तर मुळीच नाही. वकिली सोडणे, काशीत वर्षानुवर्षे शिकवणे, किल्ल्यात दम्याच्या उबळी सोसत पानामागून पान अनुवाद करणे, अशा रोजच्या सरावातून राजीनाम्याच्या दिवशी लागणारे बळ त्यांच्यात तयार झाले होते. पारमिता म्हणजे दुसरे काय?

येत्या वर्षावासात एक करता येईल. त्रिशरण-पंचशील झाल्यावर एखादी संध्याकाळ हिरी-ओत्तप्पाच्या चर्चेसाठी ठेवावी. प्रत्येकाने पाचांपैकी कोणते शील आपण पाळतो आणि कोणते फक्त म्हणतो, हे मनाशी तपासावे. कुणाला जाहीर सांगण्याची गरज नाही. विहार समितीने त्याच दिवशी जमाखर्चाचा कागद भिंतीवर लावावा. आणि नगरचा किल्ला बघायला जाणाऱ्या आपल्या मुलांना नेहरूंच्या खोलीबरोबर हेही सांगावे की याच भिंतींच्या आत एका कैद्याने तीन वर्षांच्या कैदेत बुद्धाच्या परंपरेतला एक हरवलेला ग्रंथ भारतीय भाषेत आणला, आणि बाहेर पडल्यावर त्यातले थोडे जगूनही दाखवले.